रॅम मोकळी असताना बिलाच्या रात्रीच सर्व्हिस का मरते: सीग्रुपमधल्या आउट ऑफ मेमरीचा माग

आधी लक्षण सांगतो, तुमचं पण असंच होत असेल तर पुढं वाचा. सर्व्हिस एरवी नीट चालते, ठराविक मोठ्या कामाच्या वेळीच मरते, तिच्या स्वतःच्या लॉगमध्ये मरायच्या आधीची एक ओळ पण सापडत नाही, एक्झिट कोड १३७ येतो, आणि 'फ्री' कमांड मारून बघितलं तर सर्व्हरची निम्मी रॅम मोकळी दिसते. १३७ म्हणजे १२८ अधिक ९, म्हणजे सिगकिल, प्रोसेसला जागच्या जागी मारायचा सिग्नल. प्रोसेस स्वतःहून मेलेली नाही, तिला कोणीतरी मारलंय, आणि सिगकिल पकडता येत नाही म्हणून लॉगमध्ये काही लिहून ठेवायला पण तिला वेळ मिळत नाही.

मी कोल्हापुरात शाहूपुरीतनं दूध संस्थांच्या हिशोबाचा सर्व्हर सांभाळतो. करवीर, पन्हाळा, राधानगरी, भुदरगड या बाजूच्या २४० संस्था त्याच्यावर आहेत. दर दहा दिवसाला बिल, म्हणजे १ ते १०, ११ ते २०, आणि २१ पासून महिनाअखेरपर्यंत. सकाळ-संध्याकाळचं संकलन, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकी घन भाग), गाय वेगळी म्हैस वेगळी, त्यातनं पशुखाद्याची आणि उचलीची कपात, आणि शेवटी प्रत्येक उत्पादकाच्या बिलाची पीडीएफ. संस्थेमागं दीडशे उत्पादक धरले तरी दहा दिवसाच्या सात लाख वीस हजार नोंदी होतात. हे सगळं रात्री दोनला सुरू होतं आणि पहाटेच्या संकलनाच्या आधी संपायला लागतं, कारण सकाळी दूध घालायला आलेली माणसं बिल घेऊनच परत जातात.

गेल्या हिवाळ्यात हे मरायला लागलं. पहाटे साडेपाचला राधानगरीकडच्या एका सेक्रेटरींचा फोन, "साहेब, बिल पडलंच नाही अजून, माणसं डेअरीच्या दारात थांबल्यात बघा." मी सर्व्हिस परत चालू करायचो, दुसऱ्यांदा बिल निघायचं, आणि काहीतरी तात्पुरतं झालं असेल म्हणून सोडून द्यायचो. हीच माझी पहिली चूक. जे दुसऱ्या खेपेला चालतं ते दुरुस्त झालेलं नसतं. तीन-चार महिन्यांचा हिशोब मांडल्यावर दिसलं की मरतंय ते फक्त १ तारखेच्या पहाटे, आणि ते पण आधीचा महिना ३१ चा असला तरच. तिसरं बिल तेव्हा अकरा दिवसांचं होतं. त्यात पुष्टकाळ, म्हणजे दूध जास्त, घालणारी माणसं जास्त, नोंदी जास्त. एवढं कळल्यावर मेमरीचा संशय आला, आणि मग मी सर्वात महागडी चूक केली. १६ जीबीची रॅम ३२ केली.

त्यानंतर सर्व्हिस प्रत्येक बिलाला मरायला लागली.

रॅम दुप्पट केल्यावर मरणं वाढतं कसं, हे उलगडायला मला दोन बिलं लागली. तेच सविस्तर लिहितो, कारण हा घोळ भरपूर ठिकाणी असणार असं मला वाटतं.

लिनक्समध्ये मेमरी संपणं दोन प्रकारचं असतं. एक म्हणजे आख्ख्या मशीनची संपली. दुसरं म्हणजे एका प्रोसेस ग्रुपची, म्हणजे सीग्रुपची, ठरवून दिलेली लिमिट संपली आणि मशीनमध्ये बाकी रॅम पडून आहे. सीग्रुप कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आलं २००८ साली, २.६.२४ पासून, आणि आज सिस्टमडीवर (सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रामवर) चालणाऱ्या मशीनवर तुमची प्रत्येक सर्व्हिस आपापल्या सीग्रुपमध्येच असते, तुम्ही कधी मुद्दाम केलं नसलं तरी. आमच्या सर्व्हिसला 'मेमरीमॅक्स' ६ जीबी दिलेलं होतं, डेटाबेसला जागा राहावी म्हणून. म्हणजे रॅम १६ असो की ६४, ह्या सर्व्हिसची हद्द ६ जीबीच. मी घर मोठं बांधलं पण तिची खोली तेवढीच ठेवली.

त्यामुळं असं काही झालं की 'फ्री' बघत बसू नका. पहिल्यांदा 'डीमेसज' किंवा 'जर्नलसीटीएल' ला के लावून कर्नलचा लॉग बघा. मशीनची मेमरी संपली असेल तर ओळ नुसती 'आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस' अशी सुरू होते. ग्रुपची संपली असेल तर 'मेमरी सीग्रुप आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस' अशी. त्याच्या वरच 'ओओएम-किल' (ओओएम म्हणजे आउट ऑफ मेमरी) ने सुरू होणारी एक ओळ असते, त्यात कन्स्ट्रेंट नावाची जागा आहे. तिथं 'कन्स्ट्रेंट मेमसीजी' असेल तर ग्रुपची लिमिट, 'कन्स्ट्रेंट नन' असेल तर मशीनची. त्याच ओळीत 'ओओएम मेमसीजी' आणि 'टास्क मेमसीजी' असे दोन पत्ते दिलेले असतात आणि ते वेगवेगळे असू शकतात. पहिला म्हणजे कुणाची लिमिट भरली, दुसरा म्हणजे मेलेली प्रोसेस कुठल्या ग्रुपमधली. वरच्या स्लाइसची, म्हणजे अनेक सर्व्हिस एकत्र ठेवणाऱ्या ग्रुपची, लिमिट भरली तर मरणारी प्रोसेस खालच्या कुठल्याही ग्रुपमधली असू शकते, म्हणजे खाणारा एक आणि मेलेला दुसराच.

आणि अजून एक गोष्ट, जिच्यावर मी आख्खा एक दिवस घालवला. त्या लॉगच्या अगदी वरती लिहिलेलं असतं 'पायथन३ इन्व्होक्ड ओओएम-किलर' आणि खाली असतं 'किल्ड प्रोसेस जावा'. आमच्यात हिशोब जावा करते आणि पीडीएफ पायथन. मी पायथनच्या मागं लागलो, पीडीएफ बनवणारी स्क्रिप्टच खात असणार म्हणून. तसं नसतं. वरचं नाव फक्त शेवटची पायरी चढणाऱ्याचं, ज्याच्या मागणीच्या वेळी लिमिट भरली त्याचं. मारताना कर्नल बघतो की ग्रुपमध्ये सर्वात जास्त मेमरी कुणी धरलीय, त्यात ओओएम स्कोअर ॲडजस्टचा आकडा मिळवतो, आणि ज्याचा हिशोब सर्वात मोठा तो जातो.

आता जावा एवढी मोठी का झाली ते. सर्व्हरवर उबुंटू लिनक्स आहे, त्याच्या २०.०४ चा नेहमीचा सपोर्ट २०२५ ला संपणार म्हणून मी सर्व्हर उबुंटू २२.०४ वर आणला होता. २०.०४ मध्ये सीग्रुपची पहिली आवृत्ती वापरात होती, २२.०४ मध्ये दुसरी आहे. सॉफ्टवेअर बसवणाऱ्यांनी सोबत स्वतःचं जावा दिलं होतं, जावा ८ अपडेट २७५. जावा ८ ला सीग्रुपची लिमिट कळायला लागली अपडेट १९१ पासून, पण ती पहिल्या आवृत्तीची. दुसऱ्या आवृत्तीची लिमिट कळते ती अपडेट ३७२ पासून, जावा ११ असेल तर ११.०.१६ पासून, आणि १५ पासून पुढं मुळातच. आमच्या जुन्या जावाला ही लिमिट दिसतच नव्हती. मग ती मशीनची आख्खी रॅम बघते आणि हीपची, म्हणजे प्रोग्रामचा डेटा ठेवायच्या जागेची, कमाल मर्यादा तुम्ही दिली नसेल तर रॅमच्या पाव भाग धरते.

हिशोब करून बघा. जुन्या उबुंटूवर जावाला ६ जीबी लिमिट दिसत होती, पाव म्हणजे दीड जीबी, त्यात तिचं भागत होतं. अपग्रेडनंतर तिला १६ दिसले, हीप ४ पर्यंत. मी ३२ केले, हीप ८ पर्यंत, आणि खोली ६ चीच. जावाला जागा शिल्लक आहे असं वाटलं की ती जुना कचरा, म्हणजे वापरून झालेली मेमरी, उचलायची घाई करत नाही, पसरत जाते, म्हणून ८ च्या वाटेवर असताना ६ ला कर्नलने मारली. रॅम वाढवून मी तिला अजून पसरायची मुभा दिली होती.

तुमच्याकडं कुठली आवृत्ती आहे ते बघायचं असेल तर 'स्टॅट' कमांडने /सिस/एफएस/सीग्रुप या फोल्डरचा फाइलसिस्टिम प्रकार विचारा, 'सीग्रुप२एफएस' उत्तर आलं तर दुसरी. आणि जावाला कमाल हीप स्वतः लिहून द्या, अंदाजावर सोडू नका. मी २५०० एमबी दिलं. हीप म्हणजे आख्खी जावा नाही हे पण लक्षात ठेवा, मेटास्पेस, थ्रेडचे स्टॅक, डायरेक्ट बफर हे सगळं हीपच्या बाहेर असतं आणि सीग्रुप ते सगळं मोजतो. हीप आणि लिमिट एकाच आकड्याला लावणारे लोक मी बघितलेत, ते हमखास मरतं.

इथं संपलं असं वाटलं होतं. नाही संपलं. मधली दोन बिलं नीट गेली, आणि पुढच्या अकरा दिवसांच्या बिलाला परत तेच, जावाच मेली. आता मात्र ग्रुपच्या आत काय काय भरलंय ते बघायला बसलो. त्या सर्व्हिसच्या सीग्रुप फोल्डरमध्ये 'मेमरी.स्टॅट' नावाची फाइल असते. 'मेमरी.करंट' मध्ये नुसता एकूण आकडा असतो आणि त्यात फाइलचा पेज कॅश (फाइलची रॅममध्ये ठेवलेली प्रत) पण धरलेला असतो, म्हणून तो लिमिटच्या जवळ दिसला तरी लगेच घाबरायचं कारण नाही, कॅश गरज पडली की सोडता येतो. बघायचं असतं ते स्टॅटमधलं 'अनॉन' (प्रोसेसची स्वतःची मेमरी) आणि 'एसएचमेम' (शेअर्ड मेमरी). आमचं एसएचमेम १ जीबीच्या वर होतं. कारण शोधलं तर पीडीएफ बनवणारी स्क्रिप्ट तयार बिलं आधी /डेव्ह/एसएचएम मध्ये ठेवत होती, वेग यावा म्हणून, आणि शेवटी एकदम डिस्कवर नेत होती. ३६ हजार उत्पादक, ३० केबीची एक पीडीएफ, झाला १ जीबी. ते टीएमपीएफएस आहे, म्हणजे ती फाइल नाही, रॅमच आहे, आणि ज्या ग्रुपने लिहिली त्याच्या खात्यावर पडते. स्वॅप (रॅममधलं डिस्कवर हलवायची जागा) नसेल तर कर्नल ती हलवू शकत नाही, आणि प्रोसेस मारली तरी ती मोकळी होत नाही, फाइल पुसेपर्यंत तशीच बसते. मारून पण सुटका नाही असा हा प्रकार आहे, म्हणून याच्यावर खास नजर ठेवा. आम्ही ते फोल्डर सरळ डिस्कवर नेलं, पीडीएफ निघायला दोन-तीन मिनिटं जास्त लागतात, काही बिघडत नाही.

मधल्या काळात मी अजून एक उद्योग करून बघितला होता, जावा वाचावी आणि मरायचंच असेल तर पीडीएफची प्रोसेस मरावी म्हणून. सर्व्हिसच्या सिस्टमडी फाइलमध्ये, म्हणजे युनिटमध्ये, 'ओओएमस्कोअरॲडजस्ट' उणे ५०० दिलं. काही फरक पडला नाही. कारण हा आकडा मुलांकडं वारशाने जातो. जावानेच पायथनच्या प्रोसेस काढलेल्या, त्यामुळं त्या पण उणे ५०० घेऊनच जन्मल्या, सगळेच सारखे सवलतीत, मग परत मोठी तीच मेली. पायथन सुरू करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये स्वतःचा आकडा अधिक ५०० करायला लागतो, वाढवायला रूटची परवानगी लागत नाही. आकडा उणे १००० ते अधिक १००० असा असतो आणि उणे १००० म्हणजे अजिबात मारायचं नाही. सगळ्या सर्व्हिसला उणे १००० देऊन ठेवू नका, लिमिट भरल्यावर कर्नलला मारायला कोणी सापडत नाही आणि सगळंच अडकून बसतं.

एवढं करून पुढच्या वेळी पायथनची एक प्रोसेस मेली, जावा वाचली, आणि तरीही आख्खी सर्व्हिस बंद पडली! कर्नलच्या लॉगमध्ये एकच बळी. मग बाकीचं कुणी बंद केलं? सिस्टमडीने. त्याच्यात 'ओओएमपॉलिसी' नावाची सेटिंग आहे, आवृत्ती २४३ पासून, आणि ती मुळात 'स्टॉप' असते. म्हणजे सर्व्हिसमधली एक जरी प्रोसेस ओओएम किलरने नेली तरी सिस्टमडी सगळी सर्व्हिस थांबवतं आणि निकाल 'ओओएम-किल' असा लिहितं. 'कंटिन्यू' केलं तर बाकीच्यांना चालू देतं. 'किल' केलं तर ग्रुपच्या 'मेमरी.ओओएम.ग्रुप' मध्ये १ लिहितं, मग कर्नलच ग्रुपमधल्या सगळ्यांना एकदम मारतो, ही सोय कर्नल ४.१९ पासून आहे. कुठलं निवडायचं ते एका प्रश्नावर ठरवा, एक मेल्यावर उरलेल्यांचा काही उपयोग आहे का. पीडीएफच्या चार कामगारांतला एक मेला तर तिघं काम ओढू शकतात, तिथं कंटिन्यू. जे काम एकमेकांवर अडून आहे आणि अर्धवट राहिलं की चुकीचं होणार, तिथं किल, आणि जोडीला 'रीस्टार्ट' ऑन-फेल्युअर.

शेवटी बिलाचा हिशोब आणि पीडीएफ या दोन वेगळ्या सर्व्हिस केल्या. हे पहिल्याच दिवशी करायला पाहिजे होतं. एका खोलीत कोंडलेल्यांपैकी कुणाला मारायचं हे आकड्यांनी ठरवण्यापेक्षा दोघांना आपापली खोली द्यावी, मग एकाच्या पसाऱ्याची शिक्षा दुसऱ्याला होत नाही. हिशोबाला ४ जीबी, पीडीएफला २, आणि दोन्ही एका स्लाइसखाली. स्लाइसचा अजून एक फायदा असा की 'मेमरी.इव्हेंट्स' फाइलमधले आकडे वरच्या ग्रुपमध्ये पण जमा होतात. सर्व्हिस बंद होऊन परत सुरू झाली की तिचा ग्रुप नवीन बनतो आणि आकडे शून्यावर जातात, वरच्या स्लाइसमध्ये ते टिकतात. त्या फाइलमधलं 'मॅक्स' म्हणजे किती वेळा लिमिटला धडकून कर्नलला जागा खाली करायला लागली, 'ओओएम किल' म्हणजे किती प्रोसेस मेल्या. मॅक्स वाढतंय आणि किल शून्य असेल तर अजून वेळ आहे, पण जागा तंग होत चाललीय.

आता 'मेमरी.हाय' बद्दल, कारण याच्यात पण मी पोळलोय. पंचगंगेला राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा पातळी आणि ४३ ला धोका पातळी, आपल्या इथं पोराटोरांना पण पाठ आहे. मेमरी.हाय म्हणजे ३९ आणि मेमरी.मॅक्स म्हणजे ४३ असं धरा. फरक एवढा की हाय ओलांडल्यावर कर्नल नुसता इशारा देत नाही, मेमरी मागणाऱ्याला मुद्दाम झोपवतो, जागा खाली करायला लावतो, म्हणजे पाणी हळू चढतं. पण हायवर कुणाला मारत नाहीत, कधीच. मी हिशोबाच्या सर्व्हिसला हाय ३ जीबी दिलं, जावाला तेवढं लागतंच, स्वॅप नाही, सोडण्यासारखं काही नाही, तर ती मेली नाही पण रांगायला लागली. पहाटे बघतो तर रात्री दोनचं बिल चाळीस टक्क्यांवर. लॉगमध्ये एक चूक नाही, कुठं कोणी मेलेलं नाही. मेलेली सर्व्हिस निदान परत तरी उभी राहते, ही तर सकाळपर्यंत तशीच रांगत राहिली असती. त्यामुळं नेहमीच्या कमाल वापराच्या बऱ्यापैकी वर हाय ठेवा, आणि 'मेमरी.प्रेशर' फाइल बघत जा. त्यातल्या 'फुल' ओळीचा आकडा सतत वर राहिला तर सगळ्या प्रोसेस मेमरीची वाट बघत थांबल्यात असं समजा. नेहमीचा वापर कळायला कर्नल ५.१९ पासून 'मेमरी.पीक' आहे, आमचा ५.१५, म्हणून मी क्रॉनमधून दर मिनिटाला करंट लिहून ठेवतो.

जुन्या उत्तरांत कुठं 'मेमरी.ओओएम कंट्रोल' मध्ये १ लिहा म्हणून सल्ला सापडेल, तो पहिल्या आवृत्तीचा आहे, दुसऱ्यात ती फाइलच नाही. आणि होती तेव्हा पण त्याने प्रोसेस मरायच्या थांबायच्या आणि लटकून राहायच्या. कर्नलच्या लॉगमध्ये काहीच नसेल आणि तरी सिगकिल असेल, तर जर्नलमध्ये सिस्टमडी-ओओएमडी शोधा, तो प्रेशर बघून कर्नलच्या आधीच आख्खा ग्रुप मारतो.

बदल केल्यावर १ तारखेची वाट बघत बसू नका. 'सिस्टमडी-रन' ने २०० एमबीची लिमिट आणि स्वॅप शून्य देऊन 'टेल' कमांडला /डेव्ह/झीरो वाचायला लावा. ओळ संपत नाही म्हणून टेल सगळं मेमरीत साठवत जाते आणि काही सेकंदात मरते. लॉग कसा दिसतो, पॉलिसी काय करते, अलर्ट येतो का, सगळं दिवसाढवळ्या बघून होतं आणि बाकी सर्व्हरला धक्का लागत नाही.

राहिलं प्रोग्रामचं. कितीही लिमिट नीट लावली तरी सिगकिल कधीतरी येणारच हे धरून काम लिहायला पाहिजे. आमचं बिल पूर्वी २४० संस्थांच्या नोंदी एकदम मेमरीत घ्यायचं आणि कपात जागोजागी लिहीत जायचं. मधेच मेलं आणि परत चालवलं तर काही उत्पादकांची पशुखाद्याची कपात दोनदा पडायची, हे मला एका संस्थेच्या क्लार्कताईंनी वही काढून दाखवलं तेव्हा कळलं, आणि त्या दिवशी माझ्या पोटात खड्डा पडला, दोन म्हशींच्या दुधावर घर चालवणाऱ्याला ते चारशे रुपये दहा दिवस कमी गेले होते. आता एक संस्था म्हणजे एक ट्रान्झॅक्शन, पूर्ण झाली तरच नोंद पक्की, परत चालवलं तर झालेल्या संस्था वगळून पुढच्यापासून सुरू. मेमरी पण त्यामुळंच कमी झाली, हिशोबाची सर्व्हिस हल्ली ३ जीबीच्या वर जात नाही.

परवाच्या १ तारखेला अकरा दिवसांचं बिल होतं. स्लाइसच्या मेमरी.इव्हेंट्समध्ये ओओएम किल १ दिसला, पीडीएफचा एक कामगार, एका मोठ्या संस्थेची बिलं काढताना. बाकी तिघांनी काम ओढलं, ती संस्था दुसऱ्या फेरीत निघाली, चार वाजून दहा मिनिटांनी शेवटची पीडीएफ. त्या संस्थेची बिलं आता पन्नास-पन्नासच्या गठ्ठ्यात काढायचं आज लिहायला घेतलंय.